सोमवारी सकाळी सर्व्हर तपासणीत अडकला : बूटच्या वेळची एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) बंद करावी का?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, आज सकाळी जे झालं ते जरा सविस्तर लिहितो. सल्ला देणाऱ्याला सगळं चित्र दिसलेलं बरं. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे, तिच्या सर्व्हरचं काम माझ्याकडे आहे. एकच मशीन, डेबियन लिनक्स, दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा). रूटचं पार्टिशन ३० जीबीचं आणि डेटाचं १.४ टीबीचं. डेटात कर्जाच्या फायली, सात-बारा, केवायसीचे कागद असं सगळं स्कॅन करून ठेवलेलं, साठ लाखांच्या आसपास छोट्या फायली. रविवारी रात्री घरून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) अपडेट टाकला. रीबूट मात्र समोर बसूनच करायचा म्हणून सकाळवर ठेवला. ९:१० ला दिला. काउंटर १० ला उघडतात.

स्क्रीनवर ओळ आली की डेटाचं पार्टिशन ४१२ दिवस तपासलेलं नाही, सक्तीने तपासतोय. त्याखाली 'फाइलसिस्टिम चेक चालू आहे', पुढे सेकंद मोजणारं घड्याळ आणि 'नो लिमिट' हे दोन शब्द. किती वेळ लागणार, काही कळायला मार्ग नाही.

१० ला शटर उघडलं. ठेवीचं व्याज घ्यायला आलेली वयस्कर माणसं बाकावर पासबुकं मांडीवर ठेवून बसली होती. एक आजी पाच किलोमीटरवरच्या वाडीवरून एसटीने आलेल्या, त्यांची परतीची गाडी १०:४५ ची. साडेदहाला व्यवस्थापक आत आले आणि म्हणाले, "बटण दाब आणि परत चालू कर." मी बटणासमोर उभा राहिलो, दाबू दिलं नाही. ११:०२ ला लॉगिन आलं. १ तास ५० मिनिटं, आणि तपासणीत एकही चूक निघाली नाही. आजींची गाडी गेली ती गेलीच.

संध्याकाळभर शोधतोय. सगळीकडे एकच उपाय : ट्यूनटूएफएसला (फाइलसिस्टिमच्या सेटिंग बदलणारी कमांड) स्मॉल सी (किती माउंटनंतर तपासायचं) शून्य, आय (किती दिवसांनी तपासायचं) शून्य द्या आणि विसरून जा. हे करावं का? मन धजत नाही, पण असा सोमवार पुन्हा नको.

---

सह्यवारा | सोमवार, रात्री ११:१५

करून टाका. बिनधास्त. मोजून तपासणी हा एक्सटी२ या जुन्या फाइलसिस्टिमच्या काळचा रिवाज आहे, तेव्हा जर्नल (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणारी वही) नव्हतं. वीज गेली की आख्खी डिस्क चाळावीच लागायची. २००१ मध्ये एक्सटी३ आलं, जर्नल आलं, आता अर्धवट राहिलेली नोंद माउंट होताना (पार्टिशन वापरासाठी जोडलं जाताना) काही सेकंदांत पुरी होते. रेड हॅटने ७ पासून एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम मुख्य केली, आणि एक्सएफएसची बूटच्या वेळची एफएससीके काय करते माहितीये? काहीच नाही. 'सगळं ठीक' म्हणून परत येते. एवढ्या मोठ्या जगाचं त्यावर चाललंय, मग पतसंस्थेचं का नाही चालणार?

---

कळफलक | सोमवार, रात्री ११:४०

रात्रपाळी, बटण दाबू दिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. दुरुस्ती लिहिली जात असताना वीज तोडली तर चांगली फाइलसिस्टिमही बिघडू शकते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ : तुमच्याकडे ही तपासणी मुळात चालू का होती? ईटूएफएसप्रोग्ज (एक्सटीच्या कमांडांचा संच) १.४२ पासून, म्हणजे २०११ च्या अखेरीपासून, नवीन बनवलेल्या एक्सटी फाइलसिस्टिमवर ठरावीक माउंटनंतरची आणि ठरावीक दिवसांनंतरची, दोन्ही तपासण्या मुळातच बंद असतात. तुमची चालू आहे म्हणजे फाइलसिस्टिम त्याआधीची असावी. ट्यूनटूएफएस स्मॉल एल देऊन पार्टिशनचं नाव द्या आणि या ओळी इथे टाका : माउंट काउंट, मॅक्सिमम माउंट काउंट, लास्ट चेक्ड, चेक इंटरव्हल, फाइलसिस्टिम स्टेट. फीचर्सची ओळही टाका, तिच्यावरून बरंच कळेल.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:०५

टाकतो. माउंट काउंट १ (कालच शून्य झाला होता), मॅक्सिमम २७. लास्ट चेक्ड कालची तारीख. चेक इंटरव्हल १५५५२०००, पुढे कंसात ६ महिने. स्टेट क्लीन. बनवल्याचं साल २०१०. तेव्हा माझ्या आधीचे गृहस्थ होते. मिररमधल्या डिस्का त्यानंतर दोनदा बदलल्या गेल्या, पण एकेक करून, त्यामुळे फाइलसिस्टिम तीच राहिली. फीचर्समध्ये जर्नल आहे, डिर-इंडेक्स आहे. एक्स्टेंट नाही, फ्लेक्स-बीजी नाही, अनइनिट-बीजी नाही. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) मात्र एक्सटी४ लिहिलंय.

---

कळफलक | मंगळवार, सकाळी ९:३०

मग सगळं जुळलं. १५५५२००० सेकंद म्हणजे १८० दिवस, जुन्या काळचा ठरलेला आकडा. आणि तो २७ : मुद्दाम वेगवेगळा दिला जायचा, एकाच मशीनवरची सगळी पार्टिशनं एकाच बूटला तपासणीला बसू नयेत म्हणून. घरच्या मशीनवर ही युक्ती चालते. सर्व्हर वर्षातून एकदा रीबूट होतो, त्यामुळे २७ चा आकडा कधी गाठलाच जात नाही आणि १८० दिवस मात्र केव्हाच उलटून गेलेले असतात. म्हणजे जो रीबूट कराल त्यात तपासणी ठरलेलीच. तुमचे ४१२ दिवस म्हणजे ती सात-आठ महिने दारात उभी होती.

वेळ एवढा का लागला तेही यातच आहे. तुमचं एक्सटी३ आहे, एक्सटी४ च्या ड्रायव्हरने माउंट होतंय एवढंच. डीएफला स्मॉल आय देऊन इनोडचा (एकेका फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचा) आकडा बघा. माझा अंदाज, एकूण नऊ कोटींच्या आसपास असतील आणि वापरात साठ लाख. जुन्या रचनेत तपासणीच्या पहिल्या फेरीत नऊच्या नऊ कोटी इनोड वाचले जातात, रिकामे धरून. एकेक २५६ बाइटचा धरला तर साधारण २३ जीबीचं नुसतं वाचन. एक्सटी४ च्या अनइनिट-बीजीमुळे प्रत्येक गटात कुठवर वापर झालाय याची नोंद राहते, पुढचं सोडून दिलं जातं.

---

जुनी वही | मंगळवार, दुपारी २:२०

सह्यवारा यांनी लिहिलेलं मीही एके काळी असंच ठामपणे सांगायचो. म्हणून हे लिहायला बसलो.

२०१४ च्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. काट्यावरची वजनं, ऊसबिलं, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, सगळं त्यावर. हंगामात मशीन एक मिनिटही थांबवायची नाही असा दंडक. मी काउंट शून्य केला, इंटरव्हल शून्य केला आणि वर एफएसटॅबचा सहावा रकानाही शून्य केला. आठ महिने काही झालं नाही. मग जानेवारीत एका पहाटे डेटा एकदम रीड-ओन्ली झाला. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि पावती निघेना.

तपासणी लावली. एकामागून एक प्रश्न येत राहिले. होय म्हणत गेलो. संपली तेव्हा लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये अकरा हजारांवर फायली होत्या, नाव कुणालाच नाही, नुसते आकडे. एकेक उघडायची, आत कोणत्या गटाची, कोणत्या तारखेची वजनं आहेत ते वाचायचं आणि पावतीपुस्तकाशी ताडून नाव द्यायचं. आम्ही तिघे तीन आठवडे हेच करत होतो.

कारण निघालं मेमरीची एक पट्टी. सावकाश बिघडत गेलेली. जर्नल तिच्यापुढे काय करणार? जर्नल एवढंच बघतं की नोंद पुरी झाली की अर्धी राहिली. मेमरीतच चुकलेली नोंद आली तर ते ती चुकीची नोंद अगदी व्यवस्थित, पुरी लिहून ठेवतं. डिस्क, केबल, कंट्रोलर, कर्नलमधली एखादी चूक, सगळ्यांचं तेच. ट्यूनटूएफएसच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे : फाइलसिस्टिमवर 'बिघाड' अशी खूण न पडताही ती आतून बिघडू शकते. रोजचा बॅकअप होता आमचा. त्यात बिघडलेल्या फायलीही रोज इमानाने जात होत्या.

आठ महिन्यांत एकदा जरी तपासणी झाली असती तर दोन-चार चुकांवर निभावलं असतं. एवढंच सांगायचं होतं.

---

सह्यवारा | मंगळवार, दुपारी ३:०५

काका, हे वाचून गप्प झालो. तरी माझा एक मुद्दा उभा आहे. तुमच्या गोष्टीत दोष तपासणी न करण्याचा आहे. बूटच्या वेळी न करण्याचा नाही. बूट हीच वेळ का? ज्या क्षणी माणसाला मशीन हवी असते नेमकी तीच.

---

जुनी वही | मंगळवार, दुपारी ३:२०

मान्य. शंभर टक्के.

---

कळफलक | मंगळवार, रात्री ९:१०

इथे एक घोळ नेहमी होतो, तो सोडवतो. 'तपासणी बंद केली' असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात.

पहिली सुपरब्लॉकमधली, म्हणजे फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या मुख्य नोंदीतली. स्मॉल सी आणि आय शून्य केलं की फक्त ठरावीक काळाने होणारी तपासणी थांबते. बूटला एफएससीके तरी येतेच, सुपरब्लॉक बघते, क्लीन असेल तर क्षणात परत जाते. कर्नलने चालू असताना 'इथे चूक आढळली' अशी खूण करून ठेवली असेल तर मात्र ती पुरी तपासणी करते. म्हणजे राखणदार दारात असतो, उगाच घरात शिरत नाही.

दुसरी एफएसटॅबचा सहावा रकाना. रूटला १, बाकीच्यांना २, शून्य म्हणजे बघायचंच नाही. हा शून्य केला की राखणदारच घरी पाठवला. बिघाडाची खूण असली तरी कर्नल नुसता इशारा लॉगमध्ये लिहितो आणि माउंट करून मोकळा होतो. काकांच्या कारखान्यात माझ्या मते हा शून्य सगळ्यात जास्त नडला. एक्सटी४ वर तो कधी करू नका.

तिसरी कर्नलच्या ओळीतली. ग्रबमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या मेनूत) ई दाबून ओळीच्या शेवटी एफएससीके-डॉट-मोड बरोबर स्किप लिहिलं की त्या एका बूटपुरती सगळी तपासणी टळते, फोर्स लिहिलं की सक्तीने होते. रात्रपाळी, सोमवारी ९:१५ ला हे ठाऊक असतं तर? पहिल्याच मिनिटाला, नुसती इनोडची पहिली फेरी चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने नीट रीबूट घेऊन स्किप दिलं असतं, काउंटर वेळेत उघडले असते आणि तपासणी रात्री करता आली असती. फाइलसिस्टिमची स्टेट क्लीन असेल तरच हा मार्ग. बिघाडाची खूण असताना स्किप देऊ नये.

पूर्वी रूटवर फोर्सएफएससीके नावाची रिकामी फाइल ठेवायचे. सिस्टिमडीवर (बूटला सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ती सवय सोडा, तोही कर्नलच्या ओळीतून सांगा असंच बजावतो.

---

अटकेपार | मंगळवार, रात्री ११:५५ (इकडे अजून संध्याकाळ आहे)

फ्रँकफुर्टहून लिहितोय. माझं मशीन माझ्यासमोर नसतं, भाड्याचा सर्व्हर, डेटासेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे माझी भीती तुमच्याहून वेगळी आहे. तपासणीला दोन तास लागले तर लागोत. ती मध्येच थांबून माणसाची वाट बघत बसली तर काय, हा माझा प्रश्न.

बूटला ईटूएफएससीके (एक्सटीची एफएससीके) सहसा स्मॉल पी घेऊन चालते. निर्धोक चुका ती स्वतः दुरुस्त करते, अवघड काही दिसलं की हात बाहेर काढते आणि ४ हा कोड देते, म्हणजे 'चुका तशाच आहेत'. मग सिस्टिमडी इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि रूटचा पासवर्ड मागत बसतं. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) तोवर सुरूच झालेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला मशीन मेलेलं.

मला हे तपासणीमुळे नाही, पण त्याच वाटेवर भोगावं लागलं. बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये घातली होती, सहावा रकाना २. डिस्क काढून नेली, ओळ राहिली. पुढच्या रीबूटला सिस्टिमडीने तिची ९० सेकंद वाट पाहिली आणि इमर्जन्सी मोड. रात्री तीन तास मी कन्सोल मिळायची वाट बघत होतो. त्या वेळात सत्तर-ऐंशी लोकांची मेल बंद होती. आता बाहेरच्या प्रत्येक डिस्कला नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) लावतो आणि वाट बघण्याची मर्यादा १० सेकंद ठेवतो. आणि दूरचं मशीन रीबूट करण्याआधी दुरून स्क्रीन दाखवणारा कन्सोल उघडून बसतो, आयपीएमआय असो नाहीतर सीरियल. ते दिसत नसेल तर रीबूट करत नाही.

एफएससीके-डॉट-रिपेअर बरोबर येस असं लिहून प्रत्येक प्रश्नाला आपोआप होय म्हणायची सोय आहे. दूरच्या मशीनसाठी ते बरं वाटतं. काका, तुमचं मत?

---

जुनी वही | बुधवार, सकाळी ७:४०

रूटसाठी चालेल, ते पुन्हा उभं करता येतं. लोकांच्या डेटासाठी नको. होय म्हणण्याआधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढलेली असावी, किमान कॅपिटल नाही, स्मॉल एन देऊन काय काय दुरुस्त करणार आहे ते कागदावर बघितलेलं असावं. मी त्या पहाटे बघितलं नव्हतं. वरचा सुपरब्लॉकच खराब असेल तर सरळ होय म्हणण्याऐवजी बी देऊन राखीव सुपरब्लॉक वापरता येतो. ४ केबीच्या ब्लॉकला पहिला राखीव ३२७६८ वर असतो. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

आणि कॅपिटल टीबद्दलही आत्ताच बोलून घेतो, कारण कोणीतरी सुचवेलच. ट्यूनटूएफएसला कॅपिटल टी नाऊ दिलं की 'शेवटची तपासणी आज झाली' अशी नोंद पडते, तपासणी न करता. पतसंस्थेतला माणूस आहे रात्रपाळी, त्यांना वेगळं सांगायला नको. रोकड न मोजता मोजल्याची सही आहे ती.

---

मितभाषी | बुधवार, सकाळी ११:१०

त्या कॅपिटल टीचा एक प्रामाणिक उपयोग आहे.

एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर चालू फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा, त्या स्नॅपशॉटवर ईटूएफएससीके एफ (सक्तीने) देऊन चालवायची. सर्व्हर चालू, लोक काम करताहेत, तपासणी बाजूला चाललीये. क्लीन निघाली तर मूळ फाइलसिस्टिमवर ट्यूनटूएफएसने कॅपिटल सी (माउंट काउंट) शून्य आणि कॅपिटल टीला स्नॅपशॉट घेतल्याची वेळ. मोजून सही. चुका निघाल्या तर मूळ पार्टिशन थांबवून दुरुस्त करायची वेळ आपण ठरवायची.

ईटूएफएसप्रोग्ज १.४५ पासून यासाठी ईटूस्क्रब आहे. स्नॅपशॉटसाठी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या एकत्र जागेत) २५६ एमबी मोकळी लागते. लोक सगळी जागा वाटून टाकतात आणि मग हे चालत नाही. चूक सापडली तर तो पुढच्या बूटला तपासणी व्हावी अशी खूण स्वतः करतो.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:३०

माझ्याकडे एलव्हीएम नाही, थेट मिररवर पार्टिशन आहे.

---

मितभाषी | बुधवार, दुपारी १:४५

मग रीबूट कशाला? डेटा रूटवर नाही. सेवा थांबवा, डेटा अनमाउंट करा, तपासा, माउंट करा. मशीन चालूच राहील, एसएसएच चालू राहील, घरून बघता येईल.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:१०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी 'तपासणी म्हणजे बूट' असंच धरून चाललो होतो.

---

पहिलीच_नोकरी | बुधवार, सायंकाळी ६:२५

नमस्कार, मी दोन महिन्यांपूर्वीच या कामाला लागले. धागा दोनदा वाचला. आमच्याकडे सगळं एक्सएफएस आहे. सह्यवारा दादा म्हणाले बूटला काहीच होत नाही. मग आम्ही तपासायचं कसं?

---

सह्यवारा | बुधवार, सायंकाळी ७:००

ताई, एक्सएफएस-रिपेअर. अनमाउंट करून आधी स्मॉल एन देऊन फक्त बघायचं, ते काही लिहीत नाही. लॉग शिल्लक असल्याची तक्रार आली तर एकदा माउंट करून नीट अनमाउंट करायचं, लॉग आपोआप पुरा होतो. कॅपिटल एलला हात लावू नका. तो लॉग फेकून देतो, त्यात शेवटचे बदल असतात. माउंटच होत नसेल तेव्हाचा तो शेवटचा उपाय. रूटच एक्सएफएस असेल तर रेस्क्यूने बूट करावं लागेल.

आणि पहिल्या दिवशी मी 'एक्सएफएसवर काहीच होत नाही' याला पुरावा म्हणून मांडलं, ते चुकीचं होतं. तिथेही कुणीतरी ठरवून तपासावंच लागतं.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ९:५०

ठरवलंय ते लिहितो, चूक असेल तर आत्ताच सांगा.

रूट : आहे तसंच. ३० जीबीला मिनिटभर लागतं, ते मला चालतं. डेटा : वर्षातून दोन रविवार ठरवून, दुपारी, अनमाउंट करून पूर्ण तपासणी. स्मॉल सी उणे एक. इंटरव्हलही शून्य करणार आहे. एफएसटॅबचा २ तसाच. महिन्याचा पहिला रविवार नको, कारण डेबियनवर मिररची आपली वेगळी पडताळणी त्याच मध्यरात्रीनंतर लागते. ती दुपारपर्यंत लांबली तर दोन्ही एकमेकींच्या पायात येतील.

---

जुनी वही | गुरुवार, रात्री १०:१५

एकच बदल करा. इंटरव्हल शून्य नको, २४० दिवस ठेवा. तुम्ही १८० दिवसांनी स्वतः तपासलंत की लास्ट चेक्डची तारीख आपोआप पुढे सरकते आणि बूटला कधीच वेळ भरत नाही. तुम्ही नोकरी सोडलीत, आजारी पडलात, पुढचा माणूस आला, त्याला काही सांगायचं राहिलं, तर मशीन तरी विसरणार नाही. तुमच्या आधीच्या गृहस्थांनी १८० ठेवले होते म्हणून तर तुम्हाला हे सगळं कळलं.

---

सह्यवारा | गुरुवार, रात्री १०:३०

पण मग पुन्हा एखाद्या सोमवारी अडकेल ना?

---

कळफलक | गुरुवार, रात्री १०:४५

रीबूटआधी दहा सेकंद द्यायचे. ट्यूनटूएफएस स्मॉल एलमधली 'नेक्स्ट चेक आफ्टर' ही ओळ बघायची. तारीख उलटून गेली असेल तर आज रीबूट नाही. मी ही ओळ दर सोमवारी मेलने येईल असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणारी सोय) लावलंय.

रात्रपाळी, आणखी एक. डेटा थांबवणारच आहात तर त्याच दिवशी ट्यूनटूएफएसला कॅपिटल ओ अनइनिट-बीजी द्या आणि लगेच ईटूएफएससीके एफ आणि कॅपिटल डी देऊन चालवा. हा बदल केला की पूर्ण तपासणी करावीच लागते. त्याआधी बॅकअप, आणि बॅकअपमधून दहा-वीस फायली उघडून बघणं. पुढच्या वेळेपासून वेळ बराच कमी होईल.

---

रात्रपाळी | रविवार (पुढच्या आठवड्याचा), रात्री ८:३०

आजचा वृत्तांत.

शनिवारी रात्री बॅकअप पुरा झाला. सकाळी त्यातल्या तीस फायली उघडून पाहिल्या, कर्जाच्या, केवायसीच्या, २०१२ च्या आणि गेल्या आठवड्याच्या. सगळ्या उघडल्या.

१:०५ ला सेवा थांबवल्या. अनमाउंट होईना, 'डिव्हाइस बिझी'. फ्यूझर (पार्टिशन कोणी धरून ठेवलंय ते सांगणारी कमांड) व्ही आणि एम देऊन पाहिलं, स्कॅनिंगच्या टेबलावरचा संगणक सुरूच राहिला होता आणि त्याने सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर वाटणारी सेवा) फोल्डर धरून ठेवलेला. संस्थेत जाऊन तो बंद केला. १:२० ला अनमाउंट झालं.

अनइनिट-बीजी दिलं, तपासणी लावली. ईटूएफएससीकेला कॅपिटल सी शून्य दिलं की टक्केवारीची पट्टी दिसते, ते आधी माहीत नव्हतं. व्यवस्थापकांना बोलावून ती पट्टी दाखवली. ते खुर्ची घेऊन बसले आणि पहिली फेरी इनोडची, दुसरी फोल्डरची, तिसरी सगळे फोल्डर मुळाशी जोडलेत का त्याची, चौथी दुव्यांच्या मोजणीची, पाचवी गटवार बेरजांची, असं सगळं समजून घेतलं. पाचवीला म्हणाले, "म्हणजे आपली ताळेबंदाची जुळणीच आहे की." मग म्हणाले, वर्षातले हे दोन रविवार संचालक मंडळाच्या ठरावात घालू.

१ तास ५५ मिनिटं लागली. पाचव्या फेरीत दोन गटांत मोकळ्या ब्लॉकची बेरीज चुकलेली निघाली, दुरुस्त झाली. बाकी काही नाही. मग वेळ मोजायला म्हणून एफ देऊन पुन्हा एकदा चालवली : ३८ मिनिटं, क्लीन.

स्मॉल सी उणे एक, आय २४० दिवस. नेक्स्ट चेक आफ्टरची तारीख, ग्रबमधली स्किपची ओळ आणि 'स्टेट क्लीन असेल तरच' हे शब्द कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. खाली ३२७६८ लिहिलाय.

काकांना आणि सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

---

जुनी वही | रविवार, रात्री ९:००

छान. पण त्या दोन बेरजा मागच्या सोमवारी चुकलेल्या नव्हत्या, तुम्हीच लिहिलंय की एकही चूक निघाली नाही. मग तेरा दिवसांत कुठून आल्या? मेमरी तपासलीत?

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ९:०८

नाही. हे लक्षातच आलं नाही. निघतोय संस्थेत. किल्ली माझ्याकडेच आहे, मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवतो आणि सकाळी ८ ला बघतो.

---

जुनी वही | रविवार, रात्री ९:१०

दोन पट्ट्या असतील तर एकेक वेगळी लावून. आणि निकाल काहीही येवो, इथे लिहा.